चार खणांचं कपाट: १७७० चं घ्यावं की १८७६ नंतरचं?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कुणाच्या जुन्या घरातलं सामान विकायला निघालं की एक वस्तू हमखास दिसते. महोगनीचं चार खणांचं कपाट, पितळी कड्या, चेंडू पकडलेल्या पंजाचे पाय आणि वर चिठ्ठी, ‘चिपेंडेल’, म्हणजे अठराव्या शतकातल्या एका इंग्रज सुताराच्या नावाची शैली. ते १७७० च्या सुमाराचं अस्सल असू शकतं. किंवा १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या आसपास लोकांना वसाहतकाळाचं वेड लागलं, त्यानंतर जुन्या धर्तीवर बनलेलं. समोरून पाहिलं तर दोघं सख्खे भाऊ. म्हणून एक खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा.

अस्सल खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल, म्हणजे दोन फळ्या एकमेकींत अडकवणारे पसरट दात, हाताने कापलेले असतात. मोजकेच, कमीजास्त रुंदीचे, शेजारी सुताराने आखलेली बारीक रेघही दिसते. यंत्राचे डव्हटेल फणीच्या दातांसारखे एकसारखे. तळाच्या फळीवर बोटं फिरवा. रंध्याच्या उथळ लाटा लागल्या तर आशा ठेवा. कमानीसारखे ओरखडे दिसले तर ती गोल करवत, म्हणजे एकोणिसावं शतक. अर्धगोल खाचेत गोल खुंटी असा सांधा दिसला तर वाद संपला, त्याचं पेटंट १८६७ चं आहे. कड्यांवर मात्र विसंबू नका, त्या सर्रास बदलतात. आतून जादा भोकं दिसतात ती त्याचीच.

गाव ओळखायला आतलं स्वस्त लाकूड बघावं. बोस्टनकडे पांढरा पाइन, फिलाडेल्फियाकडे ट्युलिप पॉप्लर, न्यूपोर्टला बरेचदा चेस्टनट. खणाच्या बाजू ओकच्या असतील तर वस्तू बहुधा इंग्लंडची. पण लाकूड गाव सुचवतं, कारागीर नाही. न्यूपोर्टच्या टाउनसेंड-गोडार्ड या सुतार घराण्यांचं नाव विक्रेत्याच्या तोंडी पटकन येतं, कारण त्या गोटातलं एक लिखाणाचं कपाट १९८९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरला गेलं. नाव ऐकलं की सही किंवा लेबल कुठे आहे, ते विचारा. ‘त्यांच्या धर्तीचं’ असं उत्तर आलं तर नावाचे पैसे देऊ नका.

पाय किंवा वरची फळी बदललेलं अस्सल कपाट घेण्यापेक्षा मी धड नक्कल घेईन. आमच्याकडे तीच आहे. वरच्या खणात पासपोर्ट, खाली चादरी, आणि एका पंजाला पोराने चिकटवलेला डायनोसॉर.