दवाखान्यात व्हॉट्सॲप बिझनेस: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दवाखाना ठाण्यात, नौपाड्यात. एक फॅमिली डॉक्टर, एक रिसेप्शनिस्ट, दोन वेळची ओपीडी. व्हॉट्सॲप बिझनेस म्हणजे छोट्या धंद्यांसाठीचं वेगळं व्हॉट्सॲप, आणि ते फुकट आहे. नऊ महिने वापरल्यावरचं मत एवढंच, की यामुळे पेशंटचे मेसेज कमी होत नाहीत. डॉक्टरांपर्यंत जाणारे कमी होतात, तेही पहिली चाळणी रिसेप्शनवर लागली तरच.

सिम वेगळं घ्या. फोन रिसेप्शनवर, डॉक्टरांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर त्याला जोडलेला. अशी चार उपकरणं जोडता येतात, मात्र मूळ फोन १४ दिवस बंद राहिला तर सगळी सुटतात.

खरं काम लेबलांचं, म्हणजे प्रत्येक चॅटला लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्यांचं. तयार मिळतात ती दुकानदारांची, 'नवीन ऑर्डर' वगैरे. ती काढून चारच ठेवावीत: 'रिपोर्ट', 'गोळ्या संपल्या', 'फोन करायचा', 'डॉक्टर बघतील'. जास्त केली की गर्दीत कोणी लावत नाही. डॉक्टरांनी फक्त शेवटचं उघडायचं, दुपारी दीडला आणि रात्री साडेनऊला. उत्तर गेलं तरी लेबल आपोआप निघत नाही, हाताने काढावं लागतं. आठवडाभर कोणी काढलं नाही, की निपटलेले आणि राहिलेले मेसेज एकाच ढिगात पडतात आणि ती यादी उघडण्यात अर्थ उरत नाही.

सगळ्यात जास्त भांडणं निळ्या टिकेवरून. रिसेप्शनिस्टने मेसेज उघडला की टिक निळी होते आणि पेशंट धरून चालतो, डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. प्रायव्हसीमध्ये जाऊन रीड रिसीट बंद करा. मग पेशंटने वाचलं की नाही हे आपल्यालाही दिसत नाही, पण हा सौदा परवडतो.

स्वागताचा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस संभाषण नसेल तरच जातो. म्हणजे दर आठवड्याला साखर कळवणाऱ्या आजोबांना आपले नियम पुन्हा दिसतच नाहीत. रात्रीच्या अवे मेसेजला, म्हणजे दवाखाना बंद असताना आपोआप जाणाऱ्या उत्तराला, वेळापत्रक लावता येतं, पण फोनचं इंटरनेट चालू हवं. रिसेप्शनिस्ट जाताना वाय-फाय बंद करून गेली, की रात्री कोणालाच काही जात नाही. त्या मेसेजची पहिली ओळ हीच असावी: छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, फिट, बेशुद्धी असेल तर मेसेज करू नका, १०८ ला फोन करा.

हीच यादी रिसेप्शनच्या काचेखाली हवी. पावसाळ्यात तिच्यात भर: डेंग्यूच्या पेशंटला पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप मरगळ. ताप उतरताना हे दिसलं तर जास्त सावध. घरचे रोज फक्त प्लेटलेटचा आकडा पाठवतात. तयार उत्तरात हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचं प्रमाण किती), लघवी होते का आणि खाणं-पिणं कसं आहे, हेही विचारा. तयार उत्तरं ५० पर्यंत साठवता येतात, दहा पुरतात. पाठवण्याआधी मजकूर बदलता येतो, म्हणून नावाची जागा मोकळी सोडा. गोळीचा डोस मात्र एकाही तयार उत्तरात नको.

रिपोर्ट फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो दाबला जातो आणि ईसीजीच्या बारीक रेघा फिसकटतात. ऐरोलीत नोकरीला असलेल्या मुलाच्या एकाच नंबरवरून आई, सासू आणि स्वतःचे रिपोर्ट येतात, म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण नाव आणि वय लिहून घ्यायचं. फाईल त्याच दिवशी पेशंटच्या फोल्डरमध्ये. चॅटवर भरवसा ठेवू नका. समोरच्याने गायब होणारे मेसेज चालू केले तर नोंद २४ तासांत, ७ किंवा ९० दिवसांत उडते. फोन-मेसेजवरून उपचार करण्याबद्दलच्या सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंद ठेवणं ही डॉक्टरांची जबाबदारी आहे.

'गोळ्या संपल्या' याबद्दलही त्या सूचना स्पष्ट आहेत. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासणी झाली असेल, तरच तो फॉलो-अप, म्हणजे आधीच्याच उपचारांचा पुढचा सल्ला, धरला जातो. त्यामुळे शेवटच्या भेटीची तारीख रिसेप्शननेच काढून ठेवायची, म्हणजे डॉक्टरांचं काम अर्ध्या मिनिटाचं उरतं. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवाच.

फी घेण्याची मुभा त्या सूचनांत आहे. अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलने नोव्हेंबर २०२२ पासून काही मेसेजांना पैसे लावले. इकडे 'नुसता मेसेजच तर केला' हे ऐकावं लागतं. डॉक्टरांना नव्याने निर्णय घ्यावा लागला तर फी, रिपोर्ट नॉर्मल आहे एवढं सांगायला नाही, अशी रेघ ओढली की कुरकुर बरीच थांबते. ही रेघ आधीच भिंतीवर लिहिलेली हवी.

'कितवा नंबर चालू आहे?' याला मात्र ॲपकडे इलाज नाही. स्टेटसवर नंबर टाकावा तर तो एकमेकांचा फोन नंबर सेव्ह असलेल्यांनाच दिसतो. घोडबंदर रोडवर अडकलेल्या माणसाला अजून लँडलाइनच लागते.