पातळ पत्र्यासाठी घेतलेला छोटा गॅस टॉर्च: पाच महिने वापरल्यावर

मुंबईत रे रोडला एका गाळ्याच्या कोपऱ्यात मी भंगारातून शिल्पं, स्टुलं आणि खुर्च्या करते. माल शेजारच्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागातून येतो. तिथं जहाजाचं जाड लोखंड एलपीजी आणि ऑक्सिजनवर कापताना रोज बघत होते, म्हणून आपलंही त्यावरच भागेल असं वाटलं होतं. नागदेवी स्ट्रीटच्या दुकानदारकाकांनी अडवलं. "ताई, एलपीजीवर कापा, पितळी रॉड वितळवून सांधा, म्हणजे ब्रेझिंग करा. लोखंडाला लोखंड वितळवून जोडायचं तर डीए गॅसच लागेल." डीए म्हणजे सिलिंडरमध्ये अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून भरलेला अ‍ॅसिटिलीन. ऑक्सिजनबरोबर त्याची ज्योत सुमारे ३१०० अंशांपर्यंत जाते.

काकांनी हलका टॉर्च, दोन रेग्युलेटर, निळी-लाल नळी असा सेट काढला आणि मी न मागता फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी नळीतून सिलिंडरकडे जाऊ न देणारे अडसर, समोर ठेवले. त्याशिवाय सेट द्यायला तयारच नव्हते. बिल वाढलं तेव्हा मला ते जड गेलं. पण दुसऱ्याच आठवड्यात नोझल कामाला टेकलं, फट्‌ आवाज झाला आणि ज्योत आत जाऊन शीळ घालू लागली. आधी ऑक्सिजन बंद केला, मग डीए. हात थरथरत होते, नळ्या मात्र शाबूत होत्या.

आता मुख्य गोष्ट, ज्योत. डीए जास्त असला की आतल्या पांढऱ्या सुळक्याभोवती पिसारा दिसतो. ऑक्सिजन हळूहळू वाढवत तो पिसारा सुळक्यात विरेपर्यंत न्यायचा आणि तिथंच थांबायचं. या टॉर्चची चावी इतकी नाजूक फिरते की बरोबर तिथं थांबता येतं. यापूर्वी ज्या टॉर्चवर शिकले, त्याची ज्योत एकदम पुढे जाऊन फुसफुसायची आणि टाका जळायचा.

शिवडीच्या खाडीवर हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मी लहानपणापासून बघत आले आहे. तो पक्षी या टॉर्चवर केला. मानेची ८ मिमीची सळई लाल करत सात ठिकाणी वाकवली. पिसांच्या १ मिमीच्या पत्र्याला आर्कनं, म्हणजे विजेच्या वेल्डिंगनं, नुसती भोकं पडत होती. गॅसवर मात्र वितळलेल्या लोखंडाचं छोटं तळं डोळ्यांसमोर तयार होतं, त्यात फिलर रॉडचं, म्हणजे भर घालायच्या सळईचं, टोक बुडवत पुढे सरकायचं. एकेक पीस मनासारखं बसलं.

खुर्चीच्या सांगाड्याला मी हा सुचवणार नाही. गॅसची उष्णता लांबवर पसरते. माझ्या पहिल्या खुर्चीचा चौकोनी पाइप पिळवटला आणि एक पाय अधांतरी राहिला. सांगाडा आर्कनं, वरची जाळी-वेल गॅसनं, असं आता करते.

तक्रारी दोन. सोबत आलेली लाल नळी क्लिपपाशी दीड महिन्यात चिरली. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे दिसले म्हणून कळलं. काकांनी बदलून दिली, पण आधीच चांगली मागून घ्या. दुसरं, ऑक्सिजनची चावी हातमोज्यात घट्ट लागते. तिला तेल लावायचा मोह आवरा, दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं की पेट घेतं. आणि डीएचा सिलिंडर टेम्पोत आडवा आला असेल तर उभा करून बराच वेळ तसाच राहू द्या, मगच रेग्युलेटर चढवा.