आठ महिने आणि बरेच ओंडके: स्विंग ब्लेड सॉ मिल वापरताना

यंत्र घेऊन आठ महिने झाले. पहिल्या महिन्यातच लिहायला बसलो असतो तर चुकीचे लिहिले असते. तेव्हा फळ्या वाकड्या येत होत्या आणि सगळा दोष मी लाकडाला देत होतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. ओंडका जमिनीवर दोन आडव्या ठोकळ्यांवर ठेवून पाचरींनी घट्ट बसवायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना लांब रूळ, रुळांवर गाडा, गाड्यावर इंजिन आणि एकच गोल पाते. एक काप आडवा, मग पाते काटकोनात वळवून दुसरा उभा. दोन्ही काप एका रेषेत भेटले की फळी सुटते. ओंडका जागचा हलत नाही, हलतो तो गाडा. ही जात मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये घडली, आणि तिच्यामागचा विचार सरळ आहे: अवजड झाड वखारीत ओढत नेण्याऐवजी वखारच झाडापाशी न्यायची. दोघे मिळून सुटे भाग उचलतो, जागेवर जोडतो. या बाबतीत यंत्राने एकदाही निराश केले नाही.

आता वाकड्या फळ्यांबद्दल.

उभ्या झाडाच्या खोडात ताण असतो. बाहेरचा भाग ओढलेला, आतला दाबलेला. फळी सुटली की हा ताण मोकळा होतो आणि फळी सालीच्या बाजूला वाकते. निलगिरीसारख्या लाकडात हे फार दिसते. त्यामुळे वरच्या फळ्यांची टोके उचललेली दिसली तेव्हा मला काहीच खटकले नाही. जाडी कॅलिपरने मोजली, सहा ठिकाणी, सगळीकडे २५ मिलिमीटर. म्हटले, यंत्र चोख आहे, लाकूडच तापट आहे.

शंका आली ती ओंडक्याच्या खालच्या अर्ध्या भागात. तिथे साल खालच्या बाजूला, म्हणजे फळीची टोके खाली झुकायला हवीत. पण तिथल्याही फळ्या टोके वर करूनच बसलेल्या. आतला ताण असा एकाच दिशेला वाकवत नाही. मग रुळांवर दोरी ताणून पाहिली. दोन्ही रूळ मधोमध जवळजवळ एक सूत खाली दबलेले होते. मधला टेकू मऊ मातीत बसला होता.

कॅलिपरला हे कळले नाही, कारण प्रत्येक काप त्याच दबलेल्या वाटेने जात होता. वरचा काप वाकडा, खालचाही तितकाच वाकडा, मधले अंतर मात्र कायम. जाडी अगदी बरोबर आणि फळी धनुष्यासारखी. ओंडक्यातला ताण असेल तर गोष्ट उलटी दिसते: वरची फळी निघाली की उरलेला ओंडका मधोमध किंचित वर येतो, आणि पुढची फळी मध्ये जाड, टोकांना पातळ निघते. म्हणून आता माझी रीत ठरली आहे. फळी वाकलेली पण जाडी सारखी असेल तर आधी रूळ बघायचे. जाडीच बदलत असेल तर ओंडक्यातला ताण, आणि तेव्हा मधला फुगवटा एका पातळ कापाने काढून पृष्ठभाग पुन्हा सरळ करून घ्यायचा. हे दोन दोष वेगळे ओळखायला मला सात आठवडे लागले आणि तेवढ्यात बरेच चांगले लाकूड रंध्याखाली वाया गेले.

रूळ लावताना आता चार गोष्टी बघतो: दोन्ही कर्ण सारखे, चारही कोपरे एका पातळीत, मधे दोरी, आणि प्रत्येक टेकूखाली रुंद फळी. पाणसळीच्या नळीने कोपरे तपासायला दहा मिनिटे लागतात. एक कोपरा वर राहिला तर फळीला पीळ पडतो, आणि पीळ रंध्याने काढायचा म्हणजे अर्धी जाडी गमवायची.

दुसरा मोठा धडा पात्याच्या मागच्या कडेचा. गोल पात्याची पुढची कड कापते. मागची कड त्याच फटीतून न घासता बाहेर पडली पाहिजे, म्हणून पाते गाड्याच्या वाटेला अगदी समांतर न ठेवता केसभर तिरके ठेवतात. ते बरोबर आहे की नाही हे फळीच सांगते. कापलेल्या तोंडावर दातांच्या कमानी एकाच दिशेच्या असतील तर ठीक. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी, जाळीसारख्या, दिसल्या तर मागची कडही लाकूड खरवडते आहे. मग जळका वास येतो, फळीवर तपकिरी पट्टे उमटतात, इंजिन कण्हायला लागते.

मोजताना माझी एक चूक होत होती. पुढच्या दातापासून आणि मागच्या दातापासून रुळापर्यंतचे अंतर मी घेत होतो आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. पाते स्वतः थोडे डुलत असेल तर असेच होणार. योग्य पद्धत अशी: इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली, एका दातावर खडूची खूण, आणि तोच दात पुढे फिरवून मोजायचा, मग मागे फिरवून मोजायचा. दात एकच असल्याने डुलणे हिशेबातून निघून जाते. बोल्ट एका वेळी अष्टमांश फेराच फिरवायचा, मग एक काप घेऊन बघायचे. जास्त तिरके केले तर पाते लाकडात ओढले जाते, तापते आणि नागमोडी चालते. आडव्या आणि उभ्या स्थितीत हे वेगवेगळे तपासावे लागते. एक बरोबर आले म्हणून दुसरे आले असे मानू नये.

तापण्याबद्दल थोडे अधिक, कारण इथेच पाती मरतात. चांगले पाते ठोकून तयार केलेले असते. ठरलेल्या वेगाला कडा बाहेर ताणली जाते आणि तेव्हाच ते सरळ उभे राहते. कड जास्त तापली की ती पसरते आणि हा हिशेब बिघडतो. पाते लटपटायला लागले की मी गाडा मागे घेतो, मोकळे फिरू देतो, पाण्याची धार वाढवतो. जोर लावून पुढे ढकलण्याचा मोह टाळतो. पट्टा सैल असला तरी वेग पडून हेच होते, म्हणून पट्ट्याचा ताण रोज सकाळी बघतो.

दोन काप जिथे भेटतात तो कोपरा हा या यंत्राचा खास त्रास. कमी पडला तर फळी एका पातळ पापुद्र्याने अडकून राहते. जास्त गेला तर पुढच्या फळीवर चर पडतो. काटकोनाचा अडथळा गुण्याने तपासून घट्ट केला, तेव्हापासून कोपरे स्वच्छ येतात.

दातांना कार्बाइडची टोके आहेत. हिऱ्याच्या चाकाने जागेवरच धार लावतो, प्रत्येक दाताला सारखेच फेर मोजून. एका जुन्या झाडात खिळा निघाला आणि दोन टोके उडाली. त्या दिवशी ओंडक्याच्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसत होता आणि मी तो बुरशी समजलो. ज्या लाकडात टॅनिन असते त्यात लोखंड असा डाग पाडते. आता डाग दिसला की मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय पाते लावत नाही.

उणिवाही आहेत. प्रत्येक कापात सुमारे ५ मिलिमीटर लाकूड भुसा होते. २५ मिलिमीटरच्या दहा फळ्या काढताना आडव्या कापांतच दोन फळ्यांइतके लाकूड जाते. पट्टीच्या करवतीवर हे नुकसान निम्म्याहून कमी असते. मधल्या बैठकीमुळे पात्याचा अर्धा व्यासही पूर्ण वापरता येत नाही, त्यामुळे माझ्या यंत्रावर एका बाजूने ८ इंचांपेक्षा रुंद फळी निघत नाही. सुंदर, रुंद टेबलाची पाटी हवी असणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. आवाज प्रचंड आहे. कानावर आणि डोळ्यांवर संरक्षण हवेच, आणि पात्याच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही.

तरीही मी ते विकणार नाही, आणि कारण आहे रेषांचे. ओंडका न फिरवता, त्याच जागेवर, एक फळी आडवी रुंद आणि शेजारची उभी रुंद काढता येते. त्यामुळे वाढीच्या वर्तुळांना काटकोनात कापलेल्या फळ्या, ज्या वाळताना कमी आकसतात आणि कमी वाकतात, हव्या तिथून निवडून काढता येतात. मागच्या महिन्यात असा एक जाड ओंडका पूर्ण उतरवला. फळ्यांच्या टोकांना मेण लावून, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी सावलीत रचली आहे. काल दोरी लावून वरच्या दहा फळ्या पाहिल्या. नऊ सरळ आहेत. दहावी गाभ्याजवळची होती, तिला मधोमध चीर गेली आहे. पुढच्या ओंडक्यात गाभा एका जाड तुळईत बंद करून बाजूला काढणार आहे.