काड्यापेटीतली भूमिती, तीही फुकट

अरविंद गुप्तांची साइट बघितली नसेल तर आजच बघा. आपल्या पुण्यातच, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी वर्षं टाकाऊतून खेळणी केली, २०१८ ला पद्मश्री मिळाली, आणि ते सगळं फोटो, व्हिडिओ, पुस्तकांसकट फुकट ठेवलंय.

काल लेकीने सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, तुकडे कापून त्यात काड्या खोचल्या (गुल आधी खरवडून काढा हं) आणि चौकोन, त्रिकोण जोडले, चौकोन बोटाने दाबला की लगेच तिरका व्हायचा पण त्रिकोण काही केल्या हलेना, मग म्हणते, "बाबा, म्हणून होर्डिंगच्या सांगाड्याला तिरक्या पट्ट्या असतात का?" मला खरंच भरून आलं. मराठी पुस्तकंही भरपूर आहेत, आमच्या आईने दोन वाचून संपवली.