चाकं आत मिटतात की बाहेर, एवढंच बघायचं होतं

एक लाख अठरा हजार आठशे चाळीस रुपये, मॉडेल विमानाच्या किटपायी एका ठगाला दिलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो मी तीन टप्प्यांत सांगितला. आधी "साठएक हजार", दोन दिवसांनी "नव्वदच्या आत", आणि बायकोने बँकेचं पासबुक मागितल्यावर खरा.

अशा फसवणुका कशा होतात ते सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सावधान करणारे मेसेज मीच फॉरवर्ड करायचो, त्यामुळे आता तिथे तोंड उघडायची सोय राहिलेली नाही.

मला घ्यायचं होतं मस्टँग पी-५१डी या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या मॉडेलचं किट (सुटे भाग जुळवून बांधायचा संच), एक पंचमांश स्केलचं. मूळ विमानाचा पंखविस्तार ११.२८ मीटर, म्हणजे मॉडेल सव्वादोन मीटरचं, तयार झाल्यावर दहा किलोच्या आसपास. किट, रिट्रॅक्ट (पंखात मिटणारे चाकांचे पाय) आणि वापरलेलं ५५ सीसीचं पेट्रोल इंजिन, सगळं मिळून ९६,००० रुपये. तुम्ही म्हणाल, इतक्या स्वस्तात? पण वीस वर्षं कपाटावर पडून असलेली किटं लोक अशीच काढतात. हात थरथरायला लागतात, घर लहान पडतं, मुलांना रस नसतो. शिवाय बल्सा, म्हणजे किटचं हलकं लाकूड, पवनचक्क्यांच्या पात्यांत जायला लागल्यापासून (२०२० च्या सुमारास तर टंचाईच होती) नवीन किटच्या किमती ऐकवत नाहीत. आपल्या छंदवाल्यांच्या ग्रुपवर एकाने जाहिरात टाकली तेव्हा मला ती जॅकपॉट वाटली नाही, रास्त वाटली. सौदा फारच स्वस्त असता तर मीच पळालो असतो. त्यालाही ते ठाऊक असणार.

त्याचं म्हणणं असं: शेपटीचे भाग आणि प्लॅन इथे माझ्याकडे आहेत, पंख, फ्यूजलाज (विमानाचं धड) आणि इंजिन परदेशात भावाकडे. १८,५०० पाठवा, इथली पेटी लगेच देतो.

आणि पेटी आली! इथेच मी संपलो. कागदाच्या नळीत गुंडाळलेले पूर्ण मापाचे प्लॅन आणि एका चपट्या खोक्यात लेझरने कापलेले शेपटीचे भाग. खोकं उघडल्यावर तो जळक्या लाकडाचा वास. ज्याने किट बांधलं आहे त्याला कळेल, त्या वासापुढे माणसाची अक्कल टिकत नाही. मी त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर बोर्ड टाकला, प्लॅनवर प्लास्टिक पसरलं आणि स्टॅबिलायझरचा (शेपटीच्या आडव्या पंखाचा) सांगाडा टाचण्यांनी खिळवला. तीन संध्याकाळी लागल्या. इलेव्हेटर (त्याची मागची हलती पट्टी) बिजागऱ्यांवर बसवून वरखाली करून पाहिला, लोण्यासारखा फिरत होता. त्याचा व्हिडिओ मी त्या माणसालाच पाठवला. त्याने लिहिलं, "सर, इतकी साफ जुळणी मी आजवर पाहिली नाही." तो मेसेज मी दोनदा वाचला, आता काय लपवायचं.

खरी वस्तू आधी हातात आली म्हणजे माणूस खरा, हे डोक्यातून काढा. दोन-तीन हजारांची शेपटी हे त्याचं भांडवल होतं.

पुढचे ४२,००० पाठवण्याआधी मी पंखाचा फोटो मागितला. एवढी सावधगिरी मी बाळगली होती, नोंद घ्या. फोटो आला. डाव्या पंखाचा सांगाडा, अजून शीटिंग न केलेला (वरून पातळ लाकूड न चढवलेला), रिब्ज (फासळ्या) उघड्या, मधून स्पार (पंखाचा कणा) गेलेला. आणि चाकाची खाच. मी फोटो मोठा करून पाहिला. चाकाचा गोल पंखाच्या बाहेरच्या अंगाला होता आणि पायाची चर तिथून मुळाकडे येत होती.

मस्टँगची चाकं आत मिटतात. पाय पंखात लांबवर बसवलेला असतो आणि चाक विमानाच्या पोटाकडे येतं, मुळाशी, जिथे पंखाची पुढची कड थोडी पुढे आलेली असते. बाहेर मिटतात ती जर्मन मेसरश्मिट १०९ ची. तिचे पाय फ्यूजलाजलाच जोडलेले असायचे. पंख काढून टाकले तरी ते विमान स्वतःच्या पायांवर उभं राहायचं, आणि चाकांमधलं अंतर इतकं कमी की उतरताना भल्याभल्यांची भंबेरी उडायची. हे मी नवख्यांना कितीदा समजावलं आहे! स्पिटफायरची बाहेर, मस्टँगची आत. आमच्या छंदातली ही बाराखडी आहे.

आणि मला ते दिसलं होतं. दिसलं नाही असं नाही. मी थबकलो आणि स्वतःला सांगितलं की फोटो उलटा झाला असेल, मोबाइलमध्ये होतो तसा. आरशात डावं-उजवं बदलतं हो, आत-बाहेर कसं बदलेल? रिब्ज चाकाच्या दिशेने लहान होत गेलेल्या होत्या, म्हणजे तिकडे टोक होतं, याला कुठला आरसा लागत नाही. तरी मी त्याला विचारलं नाही. का? विचारलं आणि तो चिडला तर किट दुसऱ्याला जाईल, म्हणून. आणखी दोघं मागतायत, असं त्याने आदल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय असं कोणी म्हणालं की फोन ठेवा आणि त्या दिवशी एक रुपयाही हलवू नका.

४२,००० गेले. उरलेले ३५,५०० माल हातात आल्यावर द्यायचे ठरले होते, म्हणून मी निश्चिंत.

नवव्या दिवशी "कस्टम्स क्लिअरिंग"वाल्याचा फोन आला. किट अडकलंय, कारण ड्रोनच्या आयातीला बंदी आहे. हे धादांत खोटं असतं तर मी फसलो नसतो. ९ फेब्रुवारी २०२२ ला परदेशातून ड्रोन आणायला खरंच बंदी आली, तयारही आणि जुळणीच्या संचातलेही. सुटे भाग तेवढे आणता येतात. मी ते तेव्हाच वाचलं होतं, त्यामुळे मीच त्याला समजावू लागलो की हे ड्रोन नाही, मॉडेल विमान आहे. तो म्हणाला, "बरोबर आहे सर, तेच लिहून द्यायला ना-हरकत लागेल. २७,३४० रुपये." माझ्याच ज्ञानाचा त्याने खुंटा केला आणि मला त्याला बांधलं. आकडाही बघा, २५,००० नाही, २७,३४०. शेवटच्या त्या चाळीस रुपयांना सरकारी वास येतो.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कस्टमवाले रात्री साडेनऊला फोन करतात का?" मी तिला म्हणालो की त्यांची शिफ्ट असते.

मग ३१,००० "परत मिळणारं डिपॉझिट". तेही भरलं. का भरलं विचारू नका. तोवर ८७,८४० गेलेले होते आणि ते वाचवायला मी आणखी घालत होतो. पत्राची पीडीएफ आली होती, शिक्क्यासकट. नोव्हेंबर २०१९ पासून कस्टम्सच्या पत्रांवर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो, हे मला आता माहीत आहे. दोन मिनिटांचं काम. आणि सरकारी शुल्क कुणा माणसाच्या यूपीआयवर जात नाही, हे तर मला तेव्हाही माहीत होतं.

डिपॉझिटनंतर दोन्ही फोन बंद. मी तीन दिवस गप्प बसलो. लाज वाटत होती. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा महाग. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पहिल्या तासात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले जाण्याची आशा असते. मी केला चौथ्या दिवशी. तक्रार क्रमांक मिळाला, आणि चार खात्यांपैकी एकात ६,११२ रुपये गोठवलेले सापडले. ते अजून तिथेच आहेत. बँकेत गेलो तर पोलिसांचं पत्र आणा म्हणतात. पोलीस म्हणतात बँकेने लेखी मागावं. मधल्या रस्त्यावर मी, हातात फाइल.

पोलीस ठाण्याची गोष्ट वेगळीच. तिथल्या टेबलावरच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, खेळण्याचं विमान? लाखाचं?" शेजारचे दोघं वळून बघायला लागले. तक्रारीत त्यांनी "खेळणे" असंच लिहिलं. मी म्हणालो, साहेब, मॉडेल विमान लिहा. मग त्यांनी पेन ठेवलं आणि मलाच प्रश्न सुरू झाले. उडतं का? किती उंच? कॅमेरा आहे का? परवानगी आहे का? अहो, चोरी माझ्याकडे झाली आहे! २०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोपर्यंतच्या, छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे, असं मी सांगू लागलो तर ते म्हणाले, "तुम्हाला बरंच माहिती आहे." ते कौतुक नव्हतं.

मग हद्द. पैसे ज्या खात्यांत गेले ती दुसऱ्या राज्यातली, तेव्हा तिकडे जा. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची असते. मी छापील पान घेऊन गेलो. ते पान त्यांनी माझ्याच फाइलला लावून परत दिलं. फसवणुकीचं कलम चारशे वीसचं तीनशे अठरा झालं, खुर्चीत मात्र काही बदललं नाही. चार फेऱ्यांनंतर तक्रार घेतली, पोच पाचव्या फेरीला. पोच घेतल्याशिवाय उठू नका, आणि चॅट डिलीट करू नका. मी रागाच्या भरात निम्मं पुसलं होतं.

ग्रुपवर दोघांनी लिहिलं, "आधी विचारायचं ना." त्यातला एक जण स्वतः त्याच माणसाला ५,००० देऊन बसला होता, हे मला नंतर खासगीत कळलं. तो तेव्हा बोलला असता तर?

शेपटी कपाटावर आहे. फेकवत नाही, जुळणी खरंच चांगली झाली आहे.

परवा एका मित्राने दुसऱ्या ग्रुपवरची जाहिरात पाठवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, "थंडरबोल्ट, एक पंचमांश, इंजिनासकट, ॲडव्हान्स १८,५००". खाली तोच फोटो, तोच उघडा सांगाडा. थंडरबोल्टचीही चाकं आतच मिटतात. खाच अजून बाहेरच्याच अंगाला आहे, आणि खाली तिघांनी "इंटरेस्टेड" लिहिलं आहे.