मराठी विश्वकोश अभ्यासाला वापरताना : एका शैक्षणिक वर्षानंतरचा अनुभव

भूगोल विषयातील पदवीच्या शेवटच्या वर्षात मी मराठी विश्वकोशाचा नियमित वापर केला. साताऱ्यात असताना वाचनालयातील छापील खंड आणि पाटण तालुक्यातील गावी गेल्यावर मोबाईलवर संकेतस्थळावरील मजकूर, असा हा वापर वर्षभर चालला. विश्वकोश म्हणजे माहिती शोधण्याचे साधन, या अपेक्षेने मी त्याकडे गेले होते आणि माहिती मिळालीही. परंतु वर्षअखेरीस मागे वळून पाहताना असे जाणवते की त्याचा सर्वांत मोठा उपयोग मला लिहायला शिकण्यासाठी झाला. स्वाध्याय, चर्चासत्रातील निबंध आणि प्रकल्प अहवाल अशा सर्व लेखनावर त्याचा परिणाम झाला, म्हणून हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

ज्यांनी विश्वकोश केवळ नावाने ऐकला आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली आमच्याच जिल्ह्यातील वाई येथे या कोशाचे काम उभे राहिले. परिभाषेचा खंड १९७३ मध्ये, पहिला मुख्य खंड १९७६ मध्ये आणि विसावा खंड २०१५ मध्ये पूर्ण झाला. महानगरापासून दूर, कृष्णाकाठच्या एका लहान गावात बसून संपादकांच्या पिढ्यांनी जगातील सर्व विषय मराठीत आणण्याचे काम चिकाटीने केले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

माझी वापरण्याची पद्धत साधी होती. वर्गात ज्या घटकावर शिकवणे चालू असे, त्याच्याशी संबंधित एक नोंद संध्याकाळी वाचायची, पुस्तक मिटायचे आणि तिचा आशय दहा-बारा ओळींत स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवायचा. पहिले काही आठवडे हे काम फार सावकाश चालले, कारण नोंदीतील वाक्ये इतकी घट्ट बांधलेली असतात की त्यातील एखादा शब्द गाळला तरी अर्थ बदलतो. चांगली नोंद पहिल्याच वाक्यात ती वस्तू काय आहे, कोणत्या वर्गातील आहे आणि इतरांहून वेगळी कशामुळे आहे, हे सांगून मोकळी होते. इतिहास, प्रकार आणि उपयोग त्यानंतर येतात. आमच्या उत्तरपत्रिकांत मात्र ‘मानवाच्या जीवनात नद्यांना अनन्यसाधारण महत्त्व आहे’ अशा वाक्याने सुरुवात करण्याचा प्रघात आहे आणि तसे वाक्य नदीऐवजी रस्ता, जंगल किंवा बाजार यांपैकी कोणताही शब्द घालूनही खरेच राहते. हा फरक एकदा डोळ्यांत भरल्यावर माझ्या निबंधांचे पहिले परिच्छेद आपोआप लहान होत गेले.

दुसरी गोष्ट आकड्यांची. विश्वकोशात एखाद्या गावाची किंवा जिल्ह्याची लोकसंख्या दिली की तिच्यापुढे कंसात जनगणनेचे वर्ष असते. बाब किरकोळ दिसते, पण भूगोलाच्या विद्यार्थ्याला तिचे मोल फार आहे. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आहे, असे लिहिणे आणि २०११ च्या जनगणनेनुसार ती सुमारे ३० लाख होती, असे लिहिणे यांत लेखकाच्या जबाबदारीचा फरक आहे. नोंदीच्या शेवटी नोंदलेखकाचे नाव असते आणि अनेक नोंदींखाली संदर्भग्रंथही दिलेले असतात. म्हणजे हे विधान कोणी केले आणि कशाच्या आधारे केले, हे वाचकाला तपासता येते. पुढे प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत एका आकड्याचा आधार मला विचारला गेला, तेव्हा या शिस्तीमुळेच न अडखळता उत्तर देता आले.

तो प्रकल्प कोयना खोऱ्यावर होता. महाबळेश्वराजवळ उगम पावून कोयना दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. वाटेत तिच्यावर १०३ मीटर उंचीचे धरण आहे आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे याच परिसरात मोठा भूकंप झाला, ज्यात सुमारे १८० माणसे दगावली. जलाशयातील पाण्याचा भूकंपाशी संबंध असू शकतो का, या जगभर चाललेल्या अभ्यासात कोयनेचे नाव हमखास येते. त्या पहाटेची माझ्या आजीची आठवण पक्की आहे, पण ती अहवालात कशी लिहावी हे मला उमगत नव्हते. आकडेवारीच्या शेजारी ती केवळ भावनेचा भाग वाटेल, अशी धास्ती होती.

येथे ‘भूकंप’ या विषयावरील वाचन कामी आले. भूकंपाच्या उगमाशी किती ऊर्जा मुक्त झाली हे एका मापाने सांगतात आणि निरनिराळ्या ठिकाणी प्रत्यक्ष हादरा किती जाणवला हे दुसऱ्या मापाने. पहिले माप एका भूकंपाला एकच असते, दुसरे गावागणिक बदलते. हे दुसरे माप ठरवताना माणसांना काय जाणवले, भांडी पडली का, कोणत्या प्रकारच्या भिंती कोसळल्या, याच गोष्टी पाहतात. म्हणजे आजीची आठवण हा अभ्यासाचा पुरावाच होता. मग मी तिला नव्याने प्रश्न विचारले आणि ती म्हणाली, “फळीवरची भांडी आधी पडली, मग मागचं भिताड बसलं.” घर दगड-मातीचे होते, मागची भिंत जुनी होती, पुढची नंतर बांधलेली टिकली, हे सारे क्रमाने मिळाले. गावातील इतर वृद्धांकडूनही अशाच आठवणी गोळा केल्या आणि वाडीवार तक्ता तयार केला. कोणत्या ग्रंथात भूकंपाचे परिमाण, म्हणजे वरचे पहिले माप, थोडे कमी, तर कोणत्या थोडे अधिक दिलेले आढळले, म्हणून मजकुरात ‘साडेसहाच्या आसपास’ असे लिहून कोणता आकडा कोठला, ते तळटीपेत नोंदवले. आजीचे वाक्य मी प्रमाण भाषेत न बदलता तिच्याच बोलीत ठेवले. माझ्या आतापर्यंतच्या सर्व लेखनात हे प्रकरण मला सर्वांत प्रिय आहे.

मर्यादांविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. खंड चार दशकांत निघाले असल्याने सुरुवातीच्या खंडांतील आकडेवारी १९७१ च्या जनगणनेच्या काळातील आहे आणि १९९१ पूर्वी छापलेल्या खंडांत सोव्हिएट युनियन अजून नांदता देश आहे. सद्यःस्थितीसाठी त्यावर विसंबता येत नाही. नव्या नोंदी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांमार्फत, म्हणजे विषयवार तज्ज्ञांच्या गटांमार्फत, संकेतस्थळावर येतात, त्या वेगळ्या पाहाव्या लागतात. विज्ञानाच्या नोंदींतील परिभाषा नवख्याला जड जाते. मला तरी परिभाषेचा खंड शेजारी उघडा ठेवल्याशिवाय भूशास्त्रातील काही नोंदी समजल्या नाहीत.

छापील आणि संकेतस्थळावरील मजकूर यांपैकी काय वापरावे, असे मैत्रिणी विचारतात. नेमका शब्द माहीत असेल तर संकेतस्थळ सोयीचे आहे, ते विनामूल्य आहे आणि गावाकडे रेंज असेल तेथे चालते. शुद्धलेखनाच्या किंचित फरकाने नोंद हाती लागत नाही, तेव्हा दोन-तीन प्रकारे शोधून पाहावे. सावकाश वाचनासाठी मात्र मी छापील खंडच सुचवीन, कारण दोन स्तंभांच्या त्या पानावर शेजारची न शोधलेली नोंदही नजरेस पडते आणि मजकुरातील बाणाची खूण पुढच्या नोंदीकडे नेते.

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी थेट मोठ्या विषयाच्या नोंदीकडे जाऊ नये. आपला जिल्हा, आपली नदी किंवा परिचित पीक यांवरील नोंदीपासून सुरुवात करावी, कारण तेथे मजकूर स्वतःच्या माहितीशी ताडून पाहता येतो. स्पर्धा परीक्षेसाठी ताजे आकडे हवे असणाऱ्यांनी अन्य साधने वापरावीत. ज्यांना मराठीत प्रकल्प अहवाल किंवा शोधनिबंध लिहायचा आहे, त्यांनी निदान एक सेमिस्टर वाचून मग स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचा हा क्रम पाळून पाहावा. मी पदव्युत्तर अभ्यासक्रमातही तो चालू ठेवणार आहे आणि त्यासाठी जलविज्ञानाच्या नोंदींची यादी काढून ठेवली आहे.