उंदरांच्या आयजीजी उपवर्गांचे एलायझा किट : पांढऱ्यांना चोख, काळ्यांना तोकडे

कोल्हापुरातील आमच्या प्रयोगशाळेत लसींच्या सहायक द्रव्यांवर (लसीचा परिणाम वाढवणाऱ्या घटकांवर) काम चालते, त्यामुळे उंदरांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) उपवर्गांनुसार मोजणे नित्याचेच आहे. यंदा त्यासाठी एका पुरवठादाराकडून आयजीजी-१ आणि आयजीजी-२ए (आयजीजी या प्रतिपिंड-वर्गाचे दोन उपवर्ग) मोजणारे ९६ वेलचे, म्हणजे ९६ खळग्यांच्या प्लेटचे, एलायझा किट मागवले; यात रंगाच्या गडदपणावरून प्रतिपिंडांचे प्रमाण कळते. पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्ग बंद पडण्याची धास्ती असतेच, म्हणून ऐन पावसाळ्यात २ ते ८ अंशांत ठेवायचा माल मागवताना काळजी वाटत होती. परंतु खोके उघडले तेव्हा आतला बर्फ शाबूत होता. बांधणीला पूर्ण गुण.

बाल्ब/सी या पांढऱ्या उंदरांवर किटची कामगिरी चोख आहे. प्रमाण द्रावणांचा आलेख स्वच्छ येतो, एकाच नमुन्याच्या दोन वेलमध्ये जाणवण्याजोगा फरक पडत नाही, आणि शेवटी आम्ल घातल्यावर निळा रंग पिवळा होतो तो प्लेटभर एकसारखा.

घोळ सुरू होतो तो सी५७ब्लॅक/६ या काळ्या उंदरांपाशी. त्यांच्या १२व्या गुणसूत्रावरील, प्रतिपिंडाचा मोठा भाग असलेल्या जड साखळीच्या जनुकसमूहात आयजीजी-२ए नाहीच. त्या जागी आयजीजी-२सी आहे. किटमधील प्रतिपिंड २ए साठी घडवलेले असल्याने २सीला ते नीट चिकटत नाही, आणि लस टोचलेल्या उंदराचा आकडा इतका खाली येतो की लस वाया गेली असे वाटावे. वास्तविक याच वाणाचा कल गॅमा इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनाच्या बाजूच्या प्रतिसादाकडे असतो, म्हणजे जिथे २सी उपवर्ग भरपूर सापडायला हवा नेमके तिथेच किट आंधळे ठरते. ही बाब १९९०च्या दशकापासून शोधनिबंधांत नोंदलेली आहे; तरीही माहितीपत्रकात ‘उंदरांच्या सर्व वाणांसाठी’ असे बिनदिक्कत छापले आहे. विचारणा केल्यावर पुरवठादाराने २सीच्या वेगळ्या किटचे दरपत्रक तत्परतेने पाठवले, पत्रकाच्या दुरुस्तीबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

त्याच माहितीपत्रकात प्रतिपिंडांची ‘सामान्य पातळी’ म्हणून एकच कक्षा दिली आहे, तीही वाणाचा उल्लेख न करता. हे मला अधिक खटकले. मॅकडेव्हिट आणि सेला या प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये एक कृत्रिम प्रतिजन (प्रतिपिंडे तयार करायला लावणारा पदार्थ) टोचला, तेव्हा सी५७ उंदरांनी भरघोस आणि सीबीए उंदरांनी तुटपुंजी प्रतिपिंडे तयार केली. त्या प्रतिजनातील टायरोसीन या अमिनो आम्लाच्या जागी हिस्टिडीन हे दुसरे घातल्यावर चित्र उलटे झाले, आणि या फरकाचे मूळ पुढे १७व्या गुणसूत्रावरील एच-२ संकुलात (प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांच्या समूहात) सापडले. म्हणजे अमुक वाण सरसकट बलवान असे म्हणण्याचीही सोय नाही. सीबीए/एन उंदरांत तर बीटीके या एकाच जनुकातील बिघाडामुळे आयजीएम (प्रतिपिंडांचा दुसरा एक वर्ग) आणि आयजीजी-३ कमी असतात. त्यात वय, लिंग आणि पिंजऱ्यातील जंतू यांची भर पडते. अशा परिस्थितीत ती छापील कक्षा दुर्लक्षिलेलीच बरी. त्याच वाणाचे, त्याच खोलीत वाढलेले, लस न टोचलेले उंदीर प्रत्येक प्लेटवर तुलनेसाठी ठेवावेत.

बाल्ब/सी वापरणाऱ्यांनी हे किट निःशंकपणे घ्यावे. काळे उंदीर असतील तर २सीचेच किट मागवावे, आणि दोन्ही वाणांच्या संकरातील पहिल्या पिढीसाठी दोन्ही लागतील, कारण त्या पिल्लांच्या रक्तात २ए आणि २सी दोन्ही उतरतात.